वाचकांचे प्रश्न : एसटीच्या आधीची मोटार

एक जूनला एसटीचा वाढदिवस झाला आणि जुन्या मोटारींविषयीच्या पत्रांनी आमचा टेबल भरला. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. काही पत्रं लांबलचक होती, त्यांतला मुद्दा तेवढा ठेवला आहे.

पहिली एसटी १ जून १९४८ला पुणे–अहमदनगर रस्त्यावर धावली, असं दरवर्षी छापून येतं. आमच्या घरातले वडीलधारे मात्र सांगतात की आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधी सरकारी मोटार होती, आणि तिला ‘रेल्वेची मोटार’ म्हणत. खरं काय? — एक वाचक, गेवराई

दोन्ही खरं आहे. पुण्याहून निघालेली ती गाडी मुंबई राज्याची. लाकडी बॉडी, काथ्या भरलेली सीटं. किसन राऊत चालक आणि लक्ष्मण केवटे वाहक, ही नावं नोंदलेली आहेत. पण त्या दिवशी मराठवाडा मुंबई राज्यात नव्हताच. नगरहून औरंगाबादकडे निघालं की टोक्याला गोदावरी लागायची आणि पलीकडे कायगावपासून निझामाची हद्द. हैदराबाद संस्थान खालसा व्हायला सप्टेंबर १९४८ उजाडावा लागला.

निझाम सरकारनं १९३० साली आपल्या मुलखातली रेल्वे कंपनीकडून विकत घेतली आणि जून १९३२ मध्ये तिच्याच हाताखाली मोटारीचं खातं काढलं. सुरुवात २७ गाड्या आणि १६६ नोकरांवर झाली. खात्याचं नाव ‘निझाम स्टेट रेल अँड रोड ट्रान्सपोर्ट’, म्हणून ‘रेल्वेची मोटार’. तुमच्या घरच्यांची आठवण अगदी नेमकी आहे. सरकारनं स्वतः प्रवासी मोटारी चालवण्याचा देशातला हा अगदी आरंभीचा प्रयोग. एसटीपेक्षा सोळा वर्षं जुना.

रेल्वेनं मोटारीत का पडावं? खासगी मोटारवाले रुळाला समांतर रस्त्यावर गाड्या घालून रेल्वेचे उतारू पळवत होते. मोटार रेल्वेच्याच हाती असली की ही पळवापळवी थांबते, आणि रूळ नसलेल्या गावांतले उतारू स्टेशनापर्यंत आणता येतात. मराठवाड्यात दुसऱ्या कारणाला फार वजन होतं. मनमाड–हैदराबाद ही मीटरगेज लाइन १९०० साली सुरू झाली, ती औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड अशी गेली. लातूरला १९११ साली बार्शी लाइटची छोटी गाडी आली. बीड शहराला मात्र सगळं विसावं शतक रेल्वे दिसली नाही. तिथं मोटार हाच काय तो आधार.

पुढचा प्रवास असा. १ नोव्हेंबर १९५६ला मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात आले आणि त्यांच्याबरोबर हैदराबाद राज्याच्या मोटारखात्याचा इकडचा भागही आला. ‘स्टेट ट्रान्सपोर्ट मराठवाडा’ या नावानं तो काही वर्षं वेगळा चालला. १९६१ साली मुंबई राज्याची एसटी, हा मराठवाड्याचा भाग आणि नागपूरकडची सेवा मिळून आजचं महामंडळ झालं. म्हणजे आपल्या एसटीचे पूर्वज तीन, आणि वाढदिवस साजरा होतो तो एकाचाच. हैदराबादच्या बाजूला १९३२चीच एक अल्बियन गाडी दुरुस्त करून जपून ठेवली आहे. तिकडच्या सरकारी बसच्या नंबरात जे ‘झेड’ अक्षर पिढ्यान्‌पिढ्या राहिलं, ते निझामाच्या आईच्या, जहरा बेगमच्या, नावातलं असं सांगतात.

‘बस’ हा शब्द ‘बसणे’वरून आला का? वर्गात पोरं विचारतात. — एक शिक्षिका, औसा

नाही, जुळलं मात्र झकास! मूळ शब्द लॅटिन, ‘ओम्निबस’, म्हणजे ‘सर्वांसाठी’. त्यातला ‘सर्व’ हा अर्थ ‘ओम्नि’मध्ये आहे, ‘बस’ ही नुसती चतुर्थीची शेपटी. मराठीत ‘सर्वांना’ या शब्दातलं ‘सर्वां’ गळून पडावं आणि गाडीचं नाव ‘ना’ राहावं, तसं झालं. फ्रान्समधल्या नांत शहरात १८२६ साली स्तानिस्लास बोद्री नावाच्या माणसानं आपल्या गरम पाण्याच्या न्हाणीघरापर्यंत गिऱ्हाईक आणायला घोडागाडी सुरू केली. लोक अंघोळीला न जाता मधेच उतरू लागले, तेव्हा धंदा कशात आहे हे त्याच्या ध्यानात आलं. गाडीच्या थांब्याजवळ ओम्नेस आडनावाच्या टोपीवाल्याचं दुकान होतं, त्याच्या पाटीवर ‘ओम्नेस ओम्निबस’, म्हणजे ‘ओम्नेस सर्वांसाठी’, असा शब्दखेळ होता आणि तेच नाव गाडीला चिकटलं, अशी कथा आहे.

मग जगातली पहिली बस बोद्रीचीच म्हणायची का? — एक विद्यार्थी, नांदेड

बस कशाला म्हणायचं त्यावर ते आहे. ठरलेला रस्ता, ठरलेलं भाडं आणि गाडी भरो न भरो, ठरल्या वेळेला सुटणं, या तीन गोष्टी म्हणजे बस असं धरलं, तर मान गणितज्ञ ब्लेझ पास्कलकडे जातो. १८ मार्च १६६२ला पॅरिसमध्ये त्याच्या कल्पनेतल्या घोडागाड्या सुरू झाल्या. एका गाडीत आठ जण, भाडं पाच सोल. पण तिथल्या न्यायसभेनं शिपाई, नोकरचाकर, मजूर यांना चढायला बंदी केली. ज्यांना गरज त्यांनाच मज्जाव! हौस ओसरल्यावर काही वर्षांत सेवा आटली. पास्कल त्याच साली ऑगस्टमध्ये वारला.

लंडनला जॉर्ज शिलिबियरनं ४ जुलै १८२९ला पॅडिंग्टन ते बँक अशी तीन घोड्यांची, २२ उतारूंची गाडी काढली, भाडं एक शिलिंग. घोड्यांचा हिशेब फार जड असतो. एक जोडी दिवसात तीनचार तासांपेक्षा जास्त ओढत नाही, त्यामुळं दिवसभर धावणाऱ्या एका गाडीमागं दहाबारा घोडे पोसावे लागत. वाफेच्या बसही निघाल्या. वॉल्टर हॅन्कॉकनं १८३०च्या दशकात लंडनमध्ये त्या चांगल्या चालवल्या, पण रस्त्यांचे ठेकेदार टोलनाक्यावर नाडत. लिव्हरपूल–प्रेस्कॉट रस्त्यावर घोडागाडीला ४ शिलिंग टोल असताना वाफेच्या गाडीला ४८ शिलिंग लावला होता.

पेट्रोल इंजिनाची पहिली बस कार्ल बेंझच्या कारखान्याची, जर्मनीतल्या झीगन–नेटफेन–डॉइत्झ या सुमारे १५ किलोमीटरच्या रस्त्यावरची. पाच अश्वशक्ती, आठ उतारू, वेळ एक तास वीस मिनिटं. चढावर उतारूंनी उतरून ढकलायची. भरीव रबरी टायर चिखलाच्या चाकोरीत रुतत, आणि वर्ष संपायच्या आत गाडी बंद पडली. तिची सुरुवातही १८ मार्चचीच, सन १८९५. हा निव्वळ योगायोग, पण परीक्षेला लक्षात राहतो.

दुसऱ्या महायुद्धात मोटारी कोळशावर चालत असं ऐकलं. म्हणजे रेल्वेसारखं वाफेचं इंजिन बसवायचे का? नेमकं कसं चाले, आणि त्या बंद का झाल्या? — दोन वाचक, परभणी आणि सेलू

वाफेचा काही संबंध नाही. इंजिन तेच, पेट्रोलचंच. फक्त पेट्रोलच्या जागी त्याला जळाऊ वायू पाजायचा, आणि तो वायू गाडीवरच तयार करायचा. १९४१ नंतर पेट्रोलचं रेशनिंग आलं तेव्हा देशभर मोटारवाल्यांनी गाडीच्या मागं किंवा बाजूला पत्र्याची उभी टाकी जोडली. लोक तिला ‘गॅसप्लँट’ म्हणत. वजन दोनएकशे किलो, म्हणजे दोनतीन उतारू कमी झालेच.

टाकीत लाकडी कोळसा. खाली बारीक तोंडातून हवा आत येते, तिथं कोळसा भडकून जळतो आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो वरच्या लालबुंद कोळशातून जाताना, साधारण ९०० अंशांच्या वर, आणखी कार्बन घेतो आणि कार्बन मोनॉक्साइड बनतो. हाच जळणारा वायू. टाकीतून बाहेर पडणाऱ्या गॅसमध्ये तो जेमतेम तीस टक्के, थोडा हायड्रोजन, बाकी निम्म्याहून अधिक नुसता नायट्रोजन, जो काही कामाचा नाही. म्हणून इंजिनाची ताकद चाळीस ते पन्नास टक्क्यांनी घटते. सपाटीला चालून जातं. कन्नडच्या औट्रम घाटासारख्या चढावर अशा भरल्या गाडीचं काय होईल ते सांगायला नको. म्हणून चढापुरतं वापरायला थोडं पेट्रोल राखून ठेवत.

सकाळचा क्रम असा. क्लीनरनं आधी खालची जाळी हलवून राख आणि खंगर काढायचा. मग कोळसा तोंडापर्यंत भरून झाकण आवळायचं. रॉकेलचा बोळा पेटवून हवेच्या तोंडाशी धरायचा आणि हातपंखा फिरवत राहायचं, पाच-दहा मिनिटं, कोळसा दमट असेल तर वीस. आधी पांढरा धूर येतो, ती पाण्याची वाफ. तपासणीच्या नळीशी काडी लावून बघायची. ज्योत फडफडली, विझली तर गॅस अजून कच्चा. निळसर, सलग जळली की झाला. मग इंजिन पेट्रोलवर सुरू करायचं, गॅसचा व्हॉल्व्ह हळूहळू उघडायचा, पेट्रोल तोडायचं आणि ठिणगी थोडी लवकर पडेल अशी लावायची, कारण हा गॅस पेट्रोलपेक्षा सावकाश जळतो.

कोळसा किती लागे? एक लिटर पेट्रोलचं काम साधारण दीड किलो चांगला कोळसा करतो. लिटरला चार किलोमीटर जाणारी गाडी धरा. शंभर किलोमीटरला पंचवीस लिटर, म्हणजे साडेसदतीस किलो, जुन्या मापात जवळजवळ एक मण. बीड ते औरंगाबाद सुमारे १३० किलोमीटर, त्याला सव्वा मण आणि वर थोडा. बाभळीचा जड कोळसा उत्तम, तुकडे सुपारीपासून लिंबाएवढे. चुरा असला की हवा अडते. फार मोठे तुकडे असले की ते एकमेकांवर अडकून आत कमान धरतात, खाली पोकळी होते आणि गाडी अचानक मरते. मग क्लीनरनं सळई घेऊन ढोसायचं.

बिघाड बहुतेक तीनच. लाकूड नीट न जळालेला, अर्धवट कोळसा वापरला की डांबर सुटतं आणि व्हॉल्व्ह चिकटतात. गाळणी रोज झाडली नाही की राखेची पूड सिलिंडरमध्ये जाऊन रिंगा खाते. झाकणाचं किंवा नळीचं पॅकिंग सैल झालं की बाहेरची हवा आत शिरते आणि गॅस नळीतच जळून जातो. यातलं शेवटचं ओळखायला सोपं आहे, कारण नळीवरचा रंग जळतो.

धोका मात्र खरा होता. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. बंद शेडमध्ये टाकी धुमसत ठेवून गाडीतच झोपलं तर डोकं दुखतं, मळमळतं, आणि मग जागच येत नाही. गरम टाकीचं झाकण घाईत उघडलं तर आत हवा जाऊन भक्कन ज्वाळा तोंडावर येते. झाकण किंचित सैल करून, तोंड बाजूला ठेवून, गॅस निघून जाऊ द्यायचा, हा नियम.

आता बंद का झाल्या हे वेगळं सांगायची गरज उरत नाही. पेट्रोल मिळू लागल्यावर रोज पहाटे अर्धा तास राख उपसायला कोण तयार होणार?

आजोबांच्या कागदांत मोटारभाड्याची पावती सापडली. त्यावर ‘अमरदाद १३५१’ आणि भाडं ‘हाली १ रुपया १२ आणे’ असं आहे. हे साल कोणतं आणि आजच्या हिशेबात रुपया किती? — एक वाचक, अंबाजोगाई

पावती जून-जुलै १९४२ची आहे. हैदराबाद संस्थानात सरकारी व्यवहार फसली सनानं चालत. ते वर्ष आजूर महिन्यानं, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होई. ऑक्टोबर ते डिसेंबरमधली तारीख असेल तर फसली सनात ५९० मिळवा, जानेवारीनंतरची असेल तर ५९१. अमरदाद हा नववा महिना, साधारण ६ जूनपासून. म्हणून १३५१ अधिक ५९१.

इथं एक मोठा सापळा आहे. १३५१ हा हिजरी सन समजलात तर उत्तर १९३२ येतं, म्हणजे बरोबर मोटारखातं सुरू झालं ते साल! ‘पहिल्या वर्षाची पावती सापडली’ म्हणून आनंदानं उडी मारण्याआधी महिन्याचं नाव बघा. आजूर, दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, अर्दीबेहिश्त, खुर्दाद, तीर, अमरदाद, शहरेवर, मेहेर, आबान यांतलं असेल तर फसली. मोहरम, सफर, रमजान असेल तर हिजरी. आकडे उर्दूत असतील तर सात इंग्रजी व्हीसारखा आणि आठ उलट्या व्हीसारखा दिसतो. लिपी उजवीकडून असली तरी आकडे डावीकडूनच वाचायचे.

भाड्याचं म्हणाल तर हाली म्हणजे निझामाचा शिक्का, कलदार म्हणजे इंग्रजी रुपया. सरकारी दर शंभर कलदारला हाली ११६ रुपये १० आणे ८ पै, म्हणजे सहा कलदारला सात हाली. तुमचे १ रुपया १२ आणे म्हणजे २८ आणे हाली. त्याचे कलदार २४ आणे, दीड रुपया. आजच्या रुपयाशी त्याची तुलना करायच्या फंदात आम्ही पडत नाही. ज्वारीचा त्या वेळचा भाव घरच्या वहीत असेल तर त्याच्याशी ताडून बघा, ते जास्त बोलकं ठरेल.

वाड्यातल्या जुन्या गाडीचं हँडल सापडलं आहे. हँडल मारताना हात मोडतो म्हणतात, ते का? आणि मारायचं कसं? — एक वाचक, कन्नड

पिस्टन वर पोचायच्या आधीच ठिणगी पडली तर इंजिन उलटं फिरतं आणि हँडल सगळ्या जोरानिशी हातावर येतं. मनगटाजवळच्या हाडाच्या या मोडीला डॉक्टर अजूनही ‘शोफर फ्रॅक्चर’ म्हणतात. विजेचा स्टार्टर १९१२च्या कॅडिलॅक मोटारीत आला, पण हँडल पुढं कितीतरी वर्षं बसच्या तोंडाला लटकत राहिलं, कारण बॅटरीचा भरवसा नव्हता.

गियर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड. स्टिअरिंगवर ठिणगीची दांडी असेल तर ती पूर्ण ‘उशिरा’च्या बाजूला. हे विसरलात तर बाकी काळजी घेऊन उपयोग नाही. स्विच बंद ठेवून, चोक ओढून दोनतीन फेरे सावकाश द्यायचे, म्हणजे पेट्रोल आत ओढलं जातं. मग स्विच चालू, चोक अर्धा. गाडीकडे तोंड करून उभं राहायचं, हँडल खाली असताना दात बसवायचे आणि डाव्या हातानं झटक्यात वर ओढायचं, अर्धाच फेरा. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीत पलीकडून गुंडाळायचा नाही. असं धरलं की उलटा झटका आला तरी हँडल बोटांतून सुटून जातं. वरून खाली दाबू नका, अंगाचा भार टाकू नका. चारपाच झटक्यांत इंजिन बोललं नाही तर दम खा आणि प्लग काढून बघा. पेट्रोलनं भिजले असतील तर पुसून वाळवा.

तुमची गाडी वर्षानुवर्षं उभी असेल तर हे काहीच लगेच करू नका. प्लगच्या भोकांतून दोनदोन चमचे पातळ ऑइल सोडा, दोन दिवस थांबा, आणि मग प्लग बाहेरच ठेवून हँडल हातानं फिरतं का तेवढं पाहा. अडलं तर जोर लावू नका, रिंगा तुटतील.

जुन्या फोटोतली बस कोणत्या काळातली हे कसं ओळखावं? फोटोमागं काही लिहिलेलं नाही. — एक वाचक, जालना

फोटो मोठा करून आधी गाडीचं नाक बघा. रेडिएटरवरचं चिन्ह वाचता आलं तर निम्मं काम होतं. शेव्हरोलेचा बो-टाय असेल तर १९२८ नंतरची शक्यता जास्त, कारण त्या साली जनरल मोटर्सनं मुंबईत शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली. बेडफर्ड हे नाव १९३१च्या आधी नव्हतंच. तीन टोकांचा मर्सिडीजचा तारा टाटाच्या गाडीवर १९५४ ते १९६९ एवढ्याच काळात दिसतो. अशोक लेलँड हे नाव १९५५ पासूनचं.

मग खिडक्या. काचेऐवजी गुंडाळलेले ताडपत्रीचे पडदे असतील तर खासगी, जुनी ‘सर्व्हिस मोटार’ असण्याचा संभव मोठा. नंबरपाटी ‘एचवाय’नं सुरू होत असेल तर गाडी हैदराबादकडची, आणि त्यापुढं ‘झेड’ असेल तर सरकारी. बॉडीवर मात्र विसंबू नका. त्या काळी आयात व्हायची ती नुसती चासी, म्हणजे इंजिन आणि चाकांसकट खालची चौकट. वरचा सांगाडा इथला सुतार सागवानात बांधायचा, वरून पत्रा ठोकायचा, आणि आठ-दहा वर्षांनी तोच सांगाडा उतरवून दुसऱ्या चासीवर चढवायचा. म्हणून १९३०ची बॉडी आणि १९४०चं नाक असलेली गाडी दिसली तर फोटो खोटा समजू नका.

‘आठमाही मोटार’ म्हणजे काय? — एक वाचक, पालम

मृगापासून चार महिने बंद राहणारी. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते, वाळली की भेगा पडतात. अशा जमिनीवर मुरूम आणि खडीचा जाड थर नसेल तर पावसात चाक धुरीपर्यंत जातं. ओढ्यांवर पूल नसत. बारमाही रस्ता झाला की मगच बारमाही मोटार.

जुनी मोटार दर थांब्याला पाणी का प्यायची? — एक वाचक, कळंब

बऱ्याच जुन्या इंजिनांत पाणी फिरवायला पंपच नसे. गरम पाणी आपोआप वर चढतं, थंड खाली येतं, त्या जोरावर ते फिरे. पाण्याची पातळी वरच्या नळीच्या खाली गेली की फिरणं थांबतं आणि रेडिएटर उकळतो. शिवाय उन्हाळा चाळिशीपार. त्यात आपल्या विहिरींचं पाणी जड, क्षारांचं. ते आटलं की आत पांढरी खपली धरते आणि नळ्या बुजतात. जाणता ड्रायव्हर म्हणूनच शक्य तिथं पावसाचं किंवा नदीचं पाणी भरून घ्यायचा. उकळत्या रेडिएटरचं झाकण लगेच उघडायचं नाही, ओलं पोतं टाकून अर्धा आटा सैल करायचं आणि वाफ जाऊ द्यायची. पाणी इंजिन चालू ठेवून, बारीक धारेनं ओतायचं. तापल्या इंजिनात गार पाण्याची बादली एकदम रिकामी केली तर हेड तडकतं, आणि मग पुढच्या गावापर्यंत उतारूंनी पायी जायचं.